कलकत्त्यापेक्षा जवळ

मस्कत हे कलकत्त्यापेक्षा जवळ आहे, असं अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एका रविवारी दुपारी जेवणावरून उठायच्या आधीच जाहीर केलं. ताईला कल्याणहून स्थळ आलेलं. मुलगा मस्कतला एका कंपनीत एसीचा टेक्निशियन, आईवडील लहानपणीच गेलेले, काकांनी वाढवलेला, निर्व्यसनी, दिसायला बरा. सगळं जुळत होतं, पत्रिकासुद्धा. फक्त आई अडून बसलेली. लेकी कुठे द्यायच्या याचा आईचा एक नियम होता. सकाळी घरातून निघावं, दुपारी लेकीच्या हातचं जेवावं आणि दिवेलागणीला परत आपल्या घरात असावं, एवढ्या अंतरात मुलगी द्यायची. या नियमात दादर बसायचं, कल्याण बसायचं, ओढूनताणून पनवेल बसायचं. पुणं बसायचं नाही. नाशिकचं एक सोन्यासारखं स्थळ आईने यापायी घालवलेलं, आणि अण्णा ते विसरले नव्हते.

अण्णा वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत स्टोअरकीपर होते. मोजलं की प्रश्न सुटला, अशी त्यांची समजूत. त्यांनी मला माझा शाळेचा नकाशासंग्रह काढायला लावला, आईच्या शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा घेतला, आशियाच्या पानावर मुंबईवर एक टोक धरलं आणि मस्कतपर्यंत ताणून तिथे दाताने तोडला. मग तोच तुकडा मुंबईपासून कलकत्त्याकडे लावला. दोरा कलकत्त्याला पुरला नाही. “बघ,” ते आईला म्हणाले, “वरच्या मजल्यावरच्या सेनांची मुलगी कलकत्त्याला दिलीय, ती बाई रडतेय का?” शिवाय विमान. विमानाने अडीच तास. राजापूरकडच्या आमच्या गावाला जायचं तर खोपटच्या डेपोतून संध्याकाळी एसटीत बसायचं, घाटात आईला उलट्या व्हायच्या, सकाळी उतरून पुन्हा तासभर चालायचं. त्या हिशेबाने मस्कत म्हणजे शेजारच्या बिल्डिंगमध्येच. आईने सगळं ऐकून घेतलं, ताटातला शेवटचा भात पुसून खाल्ला आणि विचारलं की ही गाडी खोपटला मिळते का. अण्णा हसले. आई हसली नव्हती.

परवा मी सहज मोबाईलवर मुंबई ते मस्कत असं टाकलं. काही कारण नव्हतं, दुपारची झोप लागत नव्हती. साडेपंधराशे किलोमीटरच्या वर थोडंसं, अडीच तास. अण्णांचा दोरा खरा होता. मागच्या खेपेला डोंबिवलीहून विमानतळावर पोचायलाच मला तेवढा वेळ लागलेला, त्यातला अर्धा तर शिळफाट्याला. माझी लेक टोरांटोला असते, तिची दोन बाळंतपणं मी तिथे जाऊन केली. बदलाबदली धरून दिवसाच्या वर प्रवास, पाय सुजून भोपळे, आणि उतरल्या उतरल्या नातवाचे लंगोट. आता तिसऱ्याची भाषा काढलीस तर फोन ठेवेन, असं मी तिला बजावलंय. थकले मी. अंतराबिंतराचं कौतुक मला उरलेलं नाही.

तेव्हा आम्ही ठाण्यात वर्तकनगरला राहायचो, हाउसिंग बोर्डाच्या बिल्डिंगमध्ये, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत अण्णांची खाट आणि आतल्या खोलीत बाकी सगळं जग. स्वयंपाक, झोपणं, माझा अभ्यास, कोपऱ्यातली मोरी. सकाळचा पहिला आवाज स्टोव्हला पंप मारण्याचा, दुसरा नळाला पाणी आल्याचा, तिसरा कंपन्यांचे भोंगे. एकामागून एक तीन-चार भोंगे व्हायचे आणि त्यातला आमचा कुठला ते आईला न बघता कळायचं. अण्णांचा डबा त्या भोंग्याला तयार. नाचणीची भाकरी, कधी कुळथाची पिठी, कधी सुकट. ताई भाकरी थापायची तेव्हा तिच्या बांगड्यांचा एक ठरावीक ताल असायचा आणि मी अंथरुणात पडल्या पडल्या त्या तालावर कितवी भाकरी चाललीय ते ओळखायची. मी तेव्हा बारावीला. घरात मला काडीचं काम नव्हतं, कारण ताई होती. हे मला ती गेल्यावर कळलं, तोवर मी स्वतःला फार कामाची समजत होते.

ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी आणि पन्नास वर्षांनी शहाणी. तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, “मला चालेल.” एवढंच. आई तिला आत घेऊन गेली, दार लावलं, बराच वेळ कुजबुज चाललेली. बाहेर आली तेव्हा आईचे डोळे लाल आणि ताईचा चेहरा नेहमीचा. रात्री मी तिला हळूच विचारलं की तुला खरंच आवडला का तो. ती म्हणाली, आवडला, आणि मला विमानातून खाली बघायचंय. मग उशीत तोंड घालून हसायला लागली. मीही हसले. आईने अंधारातून दोघींना झोपा आता म्हणून दटावलं.

लग्न टेंभी नाक्याजवळच्या एका हॉलमध्ये लागलं आणि दोन महिन्यांनी ताईचा व्हिसा आला. तिला विमानतळावर सोडायला अख्खी बिल्डिंग निघाली. त्या काळी तशीच पद्धत. कोणी गल्फला निघालं की मॅटॅडोर करायची आणि तीत बसतील तेवढे बसवायचे. आईने ताईच्या हातावर दही घातलं, तिच्या पिशवीत कोकमं, मेतकूट, भाजणी आणि कुळीथ कोंबले. आत जायची परवानगी नव्हती म्हणून आम्ही बाहेर जाळीला लटकून उभे. ताई एकदाच मागे वळली आणि काचेपलीकडे गेली. सकाळी दहाचं विमान. ते पोचायची वेळ तिकिटावर अकरा लिहिलेली, कारण ती तिथल्या घड्याळाची आणि त्यांचं घड्याळ आपल्या दीड तास मागे. हे अण्णांना ठाऊक होतं पण त्यांनी ते कोणाला सांगितलं नाही, आणि आईने तिकीट बघून ठरवून टाकलं की मस्कत एका तासावर आहे. तेवढ्याने तिचा जीव जरा खाली पडला. पुढे परतीच्या विमानाच्या वेळा कळल्या, त्यात मात्र चार तास दिसत होते. “सासरी जायला तास आणि माहेरी यायला चार,” आई मला म्हणाली. “विमान बनवणारा पुरुषच असणार.” अण्णांनी तिला बशी आणि वाटी घेऊन पृथ्वी फिरवून दाखवली. आईने ती वाटी त्यांच्या हातातून घेतली, धुतली आणि जागेवर ठेवली.

ताईचा फोन शुक्रवारी यायचा, तिथे शुक्रवारची सुट्टी. आमच्याकडे फोन नव्हता. बिल्डिंगच्या मागे मढवींचा बंगला होता. तिथली जुनी, जमीनजुमल्याची माणसं, पूर्वी मिठागरं आणि भातशेती, आता जमिनीवर इमारती उठलेल्या. मढवीमावशी कंपाऊंडच्या भिंतीवरून हाक मारायच्या, “वयनी, मस्कतचा फोन आयलाय गो,” आणि आई हातातलं काम टाकून धावायची. मी मागे. त्यांच्या हॉलमध्ये कायम दोन-चार पुरुषमाणसं बसलेली असायची, जमिनीच्या व्यवहाराची बोलणी चालू, आणि त्यांच्यासमोर लाल फोनचा रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून आई ओरडून बोलायची. काय जेवलीस, ऊन आहे का, जावईबापू बरे आहेत का. याच्यापलीकडे एक शब्द तिला त्या हॉलमध्ये बोलता यायचा नाही.

म्हणून ताईला दिवस राहिल्याची बातमी आली तीही अर्धीच आली. ताई म्हणाली, “आई, गोड बातमी आहे,” आणि आईने तोंडाला पदर लावला. कितवा महिना, पाळी कधी चुकली, हे विचारायला समोर ते बाप्ये. आईने विचारलं नाही. ताईही लाजाळू, तिने आपणहून सांगितलं नाही. घरी येऊन आईने बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं, ताईच्या बोलण्यातल्या मळमळीवरून आणि झोपेवरून अंदाज बांधला. एका हिशेबाने तिसरा येत होता, एका हिशेबाने दुसरा. दोन्ही हिशेब ती शेवटपर्यंत डोक्यात धरून होती. मला आता वाटतं, मलाच पाठवायचं होतं की फोनवर. मी विचारलं असतं. पण कॉलेजातल्या कुमारिकेने असलं विचारायचं म्हणजे आकाशच कोसळलं असतं.

पहिलं बाळंतपण माहेरी, यात आमच्याकडे कोणाचं काही म्हणणंच नसतं. त्याची तयारी आईने त्याच आठवड्यापासून सुरू केली. जुनी सुती लुगडी फाडून दुपटी शिवली, दुपारभर मशीन चालायचं. डिंक आणला, खारीक फोडून ठेवली, हळीव निवडून बरणीत भरले. अण्णांची खाट बाहेरच्या खोलीतून गॅलरीत गेली, कारण बाळंतिणीला वारा नको आणि पाव्हण्यारावळ्यांची वर्दळ नको. अण्णा कुरकुरले नाहीत. संध्याकाळी गॅलरीत बसून ते नावं सुचवायचे, मुलाची आणि मुलीची, आणि आई आतून प्रत्येक नाव नाकारायची. घर इतकं खुशीत मी तोवर पाहिलं नव्हतं. मलाही कामं लागली, आणि मी ती तक्रार न करता केली, हे विशेष.

ताईला आणायची कधी, याचाही आईचा नियम होता, आणि हा निव्वळ तिचा नव्हता, आमच्या सगळ्या नात्यागोत्यातल्या बायका तो पाळायच्या. सातव्यात आणायची, नाहीतर नवव्यात. आठव्यात पाऊल उचलायचं नाही, वेस ओलांडायची नाही. आईच्या बाबतीत त्यामागे नुसती रूढी नव्हती. तिच्या थोरल्या बहिणीला आठव्यात एसटीने माहेरी आणलेलं, घाटात गाडीला दचके बसले आणि मूल गेलं. ते मूल आईने हातात घेतलेलं. ती गोष्ट ती फार बोलायची नाही, पण आठवा म्हटलं की तिचा हात आपसूक छातीवर जायचा.

आणि मग तो फोन आला. शुक्रवार नव्हता, मधलाच वार, संध्याकाळची वेळ. आई हळदीकुंकवाला खालच्या मजल्यावर गेलेली, मी तिच्याबरोबर, म्हणून मढवींकडे अण्णा गेले. भाऊजींना, म्हणजे ताईच्या नवऱ्याला, अचानक रजा मंजूर झालेली. ते ताईला स्वतः आणून सोडणार होते, तिकिटं त्याच संध्याकाळी सांगायची होती. लाइन खरखरत होती. भाऊजी म्हणाले, सातवा चालू आहे, घेऊन येऊ का, विचारून ठेवा, तासाभराने परत फोन करतो. अण्णा तरातरा घरी आले, आम्हाला खालून बोलावून घेतलं आणि म्हणाले, “सात महिने झालेत, आणू का विचारतायत.”

सातवा लागतो, सातवा चालू असतो, सातवा सरतो, आणि सात महिने होतात. आमच्या भाषेत जन्म काढलेल्या कुठल्याही बाईला यातला फरक झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येईल. अण्णांना स्टोअरमधल्या प्रत्येक बोल्टच्या मापाचा फरक सांगता यायचा, पण ह्या चार गोष्टी त्यांच्या लेखी एकच होत्या. त्यांना वाटलं, आपण जे ऐकलं तेच सांगितलं. आईचा हात छातीवर गेला. “झाले म्हणजे आठवा लागला,” ती म्हणाली. तिच्या दोन हिशेबांपैकी एकात तसंच येत होतं. अण्णांनी विचारलं, मग काय सांगू, ते थांबलेत. आई म्हणाली, आता नको, आता हलवू नका तिला, नववा लागला की लगेच निघा. अण्णांनी तसंच जाऊन सांगितलं. भाऊजी बरं म्हणाले. ताईला वाटलं, आईने पंचांग बघितलं असेल, गुरुजींना विचारलं असेल, काहीतरी कारण असेल. आईच्या शब्दावर उलट प्रश्न विचारायची तिला सवय नव्हती.

भाऊजींची रजा गेली ती गेली. पुन्हा मिळायला दीड-दोन महिने लागले. तेवढ्या दिवसांत आई वाळून गेली. शुक्रवारी फोनवर ताई म्हणायची, मी बरी आहे, आणि आई विचारायची, निघताय ना, आणि ताई म्हणायची, साहेब हो म्हणाले की निघतोच. शेवटी वार ठरला. अण्णांनी मॅटॅडोर सांगितली. आईने पिठी करून ठेवली, कारण ताईला तिथे कुळीथ संपल्यापासून तेच डोहाळे. गरम भात, कुळथाची पिठी आणि वर तूप. आम्ही विमानतळावर जायला खाली उतरलो, मॅटॅडोर सुरू झाली, आणि मढवींचा मुलगा पळत आला की फोन आहे, लगेच या, ताई रडतेय.

आई गाडीतून कशी उतरली मला आठवत नाही. मी पोचले तेव्हा तिने रिसीव्हर कानाला घट्ट दाबून धरलेला आणि त्या दिवशी तिला समोरच्या बाप्यांची काही पडली नव्हती. तिथल्या विमानतळावर काउंटरवरच्या बाईने ताईकडे एकदा बघून कागद मागितले होते आणि सांगितलं होतं की नववा लागलेल्या बाईला विमानात घेत नाहीत. भाऊजींनी हातापाया पडून बघितलं. नियम म्हणजे नियम. आठव्यात आमचा नियम आड आला आणि नवव्यात त्यांचा. आई म्हणत होती, असं कसं, अडीच तास तर आहेत, अडीच तासांनी काय होतंय. मग ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “सातवा? तेव्हा सातवा चालू होता?” पुन्हा ऐकलं. “अगं पण सात झाले म्हणून सांगितलं मला.” तिकडून ताई काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. आईने रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि सोफ्याच्या कडेवर बसली. ताई रडत रडत मला म्हणत होती, आईला सांग, मी चिडलेली नाहीये, आईला सांग. मढवीमावशींनी सगळ्या बाप्यांना बाहेर घालवलं आणि आईच्या पाठीवर हात ठेवला.

घरी आल्यावर आईने हातपाय धुतले. पानं वाढली. ताईसाठी केलेली पिठी आम्ही तिघांनी खाल्ली, दुसरं काही केलेलं नव्हतं. अण्णा भात नुसता कालवत होते. ते म्हणाले, मी ऐकलं तेच सांगितलं गं. आईने त्यांच्या भातावर तूप वाढलं. “नकाशा कळतो तुम्हाला,” ती म्हणाली. “महिने कळत नाहीत.” यापेक्षा जास्त ती या विषयावर त्यांना आयुष्यात बोलली नाही, आणि मला वाटतं, बोलली असती तर बरं झालं असतं. अण्णांनी दुसऱ्याच दिवशी आईच्या पासपोर्टसाठी धावपळ सुरू केली. इकडे सही, तिकडे चौकशी, आज या, उद्या या. रोज संध्याकाळी भोंगा झाल्यावर ते सरळ घरी न येता त्या कामाला जायचे आणि उशिरा हात हलवत परत यायचे. आई विचारायचीही नाही. पासपोर्ट आला तेव्हा ताईचं बाळ पालथं पडायला लागलं होतं.

बाळ नवरात्रात झालं. टेंभी नाक्याच्या देवीची ओटी भरून आई दुपारी घरी येत होती आणि मढवीमावशी वाटेतच भेटल्या. “नात झाली गो तुला,” त्या म्हणाल्या, “पोर बरी हाय, सुखरूप सुटली.” आईने तिथेच रस्त्यात देवीच्या दिशेला वळून हात जोडले. शुक्रवारी ताईचा फोन आला. आईने विचारलं, त्रास झाला का. ताई म्हणाली, छे गं, काही नाही, सोपं झालं, इथे सगळ्या सोयी आहेत. आई हो का, हो का म्हणत राहिली. मग तिने फोनवरून सांगायला सुरुवात केली की बाळाची टाळू कशी भरायची, दूध वर आलं तर कसं धरायचं, पोटाला कसं बांधून घ्यायचं. ताई हो म्हणत होती, लाइन खरखरत होती, आणि मधेच फोन तुटला. डिंकाचे लाडू आईने तरीही केलेच. आम्ही खाल्ले ते. धडधाकट मी आणि अण्णा बाळंतिणीचे लाडू खात होतो. इतका लाजिरवाणा खाऊ मी पुन्हा कधी खाल्ला नाही.

ताई आली तेव्हा बाळ पाच महिन्यांचं. या वेळी मॅटॅडोर नव्हती, अण्णा एकटेच आणायला गेले. आईने दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, बाळाला घ्यायला हात पुढे केले आणि बाळाने तोंड फिरवून ताईच्या खांद्यात खुपसलं. आई म्हणाली, होईल सवय. ताई रोड झालेली, केस गेलेले, पण तिच्या हाताला एक सफाई आलेली. दुसऱ्या दिवशी आईने पाट मांडला, पाय लांब करून बसली, तेलाची वाटी जवळ घेतली. ताई आतून बाळाला घेऊन आली, तिच्या बॅगेतून आणलेला प्लास्टिकचा टब मोरीत ठेवला, तिकडच्या बाटलीतलं तेल काढलं आणि उभ्या उभ्या म्हणाली, “तू बस गं आई, मी करते, तिला माझ्याच हाताची सवय आहे.” तिच्या बोलण्यात काही नव्हतं. खरंच काही नव्हतं. आई पाटावरून उठली आणि मोरीच्या उंबऱ्याशी येऊन बसली. मान धर नीट, ती म्हणाली. धरलीय गं, ताई म्हणाली. पाणी फार कढत नाही ना. नाही गं.

असे आठ-दहा दिवस गेले. बाळाला भरवणं, निजवणं, औषध, सगळं ताईच. आई नुसती भोवती फिरायची, स्वतःच्याच घरात पाव्हण्यासारखी. हातात दुपटं घ्यायची, घडी घालायची, ते कोणी मागितलेलं नसायचं. मला दोघींचा राग यायचा. रात्री ताई माझ्याशेजारी निजायची, पण उशीत तोंड घालून हसणं संपलेलं. बाळ रडलं की मी जागी व्हायच्या आधीच ती उठून बसलेली असायची. मी विचारलं एकदा, तिकडे रात्री कोण असायचं गं सोबत. ती म्हणाली, कोण असणार, यांची नाइट शिफ्ट. आणि कूस बदलली.

मग एका दुपारी, अण्णा कामावर, बाळ झोपलेलं. मी स्टोव्हवर चहाचं आधण ठेवलं होतं. ताई आतून आली ती केस मोकळे सोडून, परकर छातीशी बांधून. सरळ मोरीत गेली, पाट ओढला आणि त्यावर बसली. आई तांदूळ निवडत होती. “आई,” ताई म्हणाली, “मला न्हाऊ घाल.”

आईने सूप खाली ठेवलं. म्हणाली, “आता? सव्वा महिन्यात घालायचं ते. आता त्याचा काय उपयोग?”

“उपयोग नकोय मला. तू घाल.”

आई उठली. मला म्हणाली, चहाचं राहू दे, मोठं पातेलं चढव. तिने तेल कोमट केलं, ताईच्या मागे बसली आणि तिच्या माथ्यावर ओतलं. टाळूवर, कानामागे, मानेला, मग पाठीला. पाठ चोळताना बाळंतिणीला विचारतात ते सगळं विचारत होती, इथे दुखतं का, इथे, कंबरेत ठणकतं का अजून. ताई हूं हूं करत होती. पाय चोळायला आई पुढे आली, ताईचे पाय मांडीवर घेतले, टाचेपासून वर जोर लावून तेल जिरवू लागली. पाणी तापल्यावर मी आणून दिलं आणि दुसरं पातेलं चढवून तिथेच उंबऱ्याशी टेकून बसले. आईने एका हाताने ताईचं कपाळ धरलं, डोळ्यांत शिकेकाई जाऊ नये म्हणून, आणि तांब्या तांब्या पाणी घातलं. मग तिचा हात थांबला.

“खूप दुखलं का गं?” आईने विचारलं.

ताईने मान वर केली नाही. पाणी तिच्या केसांवरून निथळत होतं. “खूप,” ती म्हणाली. “खूप दुखलं, आई. मी आई, आई करून तुला हाका मारत होते, आणि तिकडे पाण्याला माय म्हणतात, तिथल्या नर्सला वाटलं, मी पाणी मागतेय. सारखी पाणी आणून द्यायची.”

आईने तांब्या खाली ठेवला. ताईचं ओलं डोकं आपल्या छातीशी घेतलं आणि ती तशीच बसून राहिली, लुगडं सगळं भिजत गेलं. माझ्यामागे स्टोव्हवर पातेलं उकळून सांडत होतं. ते उतरवायला मी उठले नाही.